परतीचा हुकूम

१

त्या दिवशी वारा साफ पडला होता. आभाळ खाली उतरून छपरांना टेकल्यासारखं, राखेच्या रंगाचं. ना पाऊस, ना ऊन. उजेड होता, पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं, त्यामुळे कशाचीच सावली पडत नव्हती. खांबाची नाही, कुत्र्याची नाही, माणसाची नाही. बोटकाका कचेरीच्या पायऱ्या चढता चढता थांबले, स्वतःच्या पायांभोवती बघितलं, आणि आपण कागदासारखे सपाट झालोय की काय असं त्यांना वाटून गेलं. मग गुडघ्याला हात लावून ते उरलेल्या पायऱ्या चढले. गुडघा काही सपाट झालेला नव्हता.

कचेरी शोधाची होती. खूप वर्षांमागे महापूर आला, गावंच्या गावं उठून छावण्यांत गेली आणि तिथून माणसं जिकडे वाट फुटेल तिकडे पांगली. छावण्यांच्या वह्या तेवढ्या राहिल्या. पुढे त्या सगळ्या वह्या मशीनमध्ये भरल्या, आणि आमचं माणूस त्यांत आहे का बघा, म्हणून लोक येऊ लागले. अजूनही येत.

वह्या लिहिणारे हात शंभर आणि त्यांची घाई हजार, त्यामुळे नुसतं नाव टाकून भागत नसे. मशीनवाल्या बाई साचा करत: ओळीत आधी काहीही असो, कितीही असो, मग हे नाव, मग ही अंगावरची खूण. माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. मशीनला पुरत नाही. ते त्या साच्याचा भुगा करतं आणि भुग्यातून एकेका शब्दाचे हुकूम पाडतं. घे. बघ. उडी. मागे. मिळालं. संपलं. मग हेच हुकूम वरून खाली पाळत मशीन वहीच्या ओळीतून चालत जातं, एका वेळी एक अक्षर.

हे हुकूम अरुंद पट्टीवर छापून काकांच्या टेबलावर येत. मशीन शोधाला निघण्याआधी त्या पट्टीवरून आपण स्वतः चालून बघायचं, एवढंच काकांचं काम. उजवं बोट हुकुमावर, डावं बोट चाचणीसाठी रचलेल्या नमुन्याच्या ओळीवर. हुकूम म्हणाला घे, तर डावं बोट एक अक्षर पुढे. हुकूम म्हणाला मागे, तर डावं एक अक्षर मागे, आणि उजवं शेजारच्या आकड्याच्या हुकुमावर. शेवटी मिळालं आलं की 'तपासले' असा शिक्का मारायचा. काका शाळेत एकदाच गेले होते, तेही छपराचे पत्रे ठोकायला. अक्षरं ते दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, तीही चाळिशीत. पण या कामाला तोच माणूस बरा होता. शिकलेला माणूस दोन हुकूम वाचतो आणि तिसरा मनाने भरतो. काका मनाने काही भरत नसत.

त्या दिवशीच्या पहिल्या पट्टीवर एकवीस हुकूम होते. काकांचं बोट एकविसाव्यावर, मिळालंवर आलं. शिक्का उचलला, आणि हात तसाच राहिला. खाली आणखी एक हुकूम होता. मिळालं म्हटल्यावर खाली कोरा कागद असतो. तिथे छापलं होतं: मागे.

आणि मागे म्हटलं की त्याच्यापुढे आकडा असतो, कितव्या हुकुमाकडे मागे ते सांगणारा. याला आकडा नव्हता.

२

बाईंनी पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली ओढला. मशीनच्या पोटात आधीच्या कामाचं काहीतरी उरलं असेल, त्या म्हणाल्या, भांड्याच्या तळाला लागल्यासारखं. पट्टी पुन्हा छापली. एकवीस हुकूम, खाली कोरा कागद.

"बघा काका, गेलं. मशीनसुद्धा म्हातारं होतं. तुमच्याआधी त्यालाच घरी बसवायला लागणार."

काका हसले आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी आभाळ तसंच होतं. पट्टीच्या खाली दोनदा छापलं होतं: मागे, मागे. काकांनी बाईंना हाक मारली नाही. कात्रीने तेवढा तुकडा कापला आणि खिशात ठेवला. आपण असं का केलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. शाळेतल्या पोराने चुकीचं गणित मुठीत लपवावं तसं ते झालं, आणि या वयात तसं वाटल्याचीही त्यांना लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ते सात वेळा होतं. एकाखाली एक, सरळ रेषेत. काकांनी ते बराच वेळ बघितलं. हुकूम असा नसतो. हुकूम एकदाच देतात. तीच गोष्ट सात वेळा कोण म्हणतं? ज्याचं कुणी ऐकत नाही, तो.

३

काकांच्या भिंतीला भिंत लावून अक्का राहत. पुरात त्यांचा धाकटा भाऊ हातातून सुटला होता. नेसत्या कपड्यानिशी एका होडीत चढलेला दिसला तो शेवटचा. पुढे कितीतरी वर्षं अक्कांच्या दाराला कडी नव्हती. नसू दे, त्या म्हणत, तो आला आणि मी परसात असले तर? आतल्या खोलीत त्याची खाट होती, खाटेखाली त्याच्या मापाच्या चपला.

अकरा वर्षांमागे काकाच त्यांना म्हणाले होते, आमच्या कचेरीत या, साचा करू, बघू. अक्का आल्या. शोध झाला. उत्तर आलं: नाही.

अक्का रडल्या नाहीत. काकांना त्यांनी एवढंच विचारलं होतं, पट्टीवरून बोट तुम्ही स्वतः फिरवलंत ना? काका हो म्हणाले. मग झालं, त्या म्हणाल्या, आता मला दुसरीकडे विचारायचं नाही. त्या आठवड्यात खाट गेली, चपला गेल्या, आणि दाराला कडी आली. कडी बसवायला काकांनाच बोलावलं. चारही स्क्रू त्यांनी आपल्या हातांनी पिळले. त्या दिवसापासून अक्का त्यांना दादा म्हणू लागल्या. घरात भावाची जागा रिकामी नको, असं म्हणाल्या, आणि हसल्या.

अकरा वर्षं काकांनी रोज ती हाक ऐकली. दादा, चहा ठेवलाय. दादा, तुमची किल्ली माझ्याकडे राहू दे, विसरभोळे आहात. आणि दर वेळी त्यांच्या छातीत त्या चार स्क्रूंपैकी एखादा अर्धा आटा आणखी आत जाई.

कारण अक्कांच्या शोधाच्या दिवशी पट्टीवर एक हुकूम असा होता, जो काकांनी कधी पाहिला नव्हता. सातवा. एकच शब्द: तोड.

४

काय तोड, कुणाला तोड, काहीच कळेना. बाई तेव्हा नव्याने लागल्या होत्या, काकांच्या लेकीच्या वयाच्या. त्या दिवशी कचेरी बघायला चार साहेब आले होते आणि सगळे टेबलाभोवती उभे होते. बाई कौतुकाने म्हणाल्या, आमच्या काकांना विचारा, हुकूम अन् हुकूम त्यांना ठाऊक आहे. आणि काकांचं बोट सातव्या हुकुमावर उभं होतं. विचारायचं, तर तोंड उघडायला हवं होतं. चार साहेबांसमोर म्हणायला हवं होतं, बाई, हे मला येत नाही.

बोट घसरलं. सातवरून आठवर, जसं काही मध्ये नव्हतंच. पुढचं सगळं ओळखीचं होतं. मिळालं आलं, शिक्का पडला. आयुष्यात एकदाच काकांनी मनाने भरलं, ते त्या दिवशी.

हे काकांना चौथ्या दिवशी दुपारी, टेबलाशी बसल्या बसल्या, सबंध आठवलं. आणि तेव्हाच शेजारच्या खोलीत पाऊल वाजलं.

शेजारी दफ्तरखोली होती. वह्या मशीनमध्ये गेल्यापासून तिथे बंद खोक्यांखेरीज काही नव्हतं. दार बाहेरून ओढलेलं, खाली झिजून दोन बोटांची फट पडलेली. आधी काकांना वाटलं उंदीर. मग वाटलं नळ. मग आपलंच काळीज असेल म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला, तर ते भलत्याच गतीने चाललं होतं.

ते पुन्हा पट्टीकडे वळले. घे. डावं बोट एक अक्षर पुढे गेलं. आत एक पाऊल वाजलं. घे. पाऊल. काका थांबले, तेही थांबलं. मागे, म्हणाली पट्टी. बोट मागे आलं, आणि आत कुणीतरी एक पाऊल मागे टाकलं. वळून नव्हे. वळण्याचा आवाज वेगळा असतो. हे पाऊल उलटं पडलं, चवडा आधी, मग टाच.

काकांनी मुद्दाम बोट अक्षरावरून अर्धंच उचललं आणि हवेत धरलं. आत काहीच वाजलं नाही. पण ती शांतता पाय उचलून धरल्याची होती. काकांचं बोट थरथरू लागलं, तशी आत कापड थरथरल्यासारखी बारीक सळसळ झाली. त्यांनी घाईघाईने बोट टेकवलं.

पाऊल टेकलं.

५

संध्याकाळी बाई आवराआवर करत होत्या तेव्हा काकांनी अकरा वर्षांमागे विचारायचं ते विचारलं. सहज विचारल्यासारखं, पेन्सिलीला टोक करता करता. बाई, तो एक तोड म्हणून हुकूम असायचा बघा, तो काय करायचा?

बाईंना आठवायला वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं. साच्यात आधी 'काहीही, कितीही' असलं की मशीन अधाशासारखं सगळी ओळ गिळत शेवटापर्यंत जातं. नाव तर मागेच राहिलेलं असतं. म्हणून मग ते एकेक अक्षर परत मागे येतं, दर पावलाला बघतं, इथे नाव सुरू होतंय का. याला वेळ लागतो. म्हणून वरच्यांनी एक युक्ती काढली होती: पुढे गेल्यावर परतीचा रस्ता तोडून टाकायचा. वेग वाढला. पण अशा साच्यात ते घातलं तर मशीन ओळीच्या टोकाला जाऊन उभं राहतं, त्याला मागे यायची परवानगी नसते, आणि ते म्हणतं नाही.

"चारच दिवस होतं ते. मग मीच काढून टाकलं. तसल्या पट्ट्या शोधाला गेल्या असत्या तर किती घरांचं वाटोळं झालं असतं," बाई पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. "पण तुम्ही बसला होता ना. तुमच्या बोटाखालून सुटणार थोडीच."

काका पेन्सिलीला टोक करत राहिले. टोक मोडलं, तरी करत राहिले.

म्हणजे नाही हे उत्तरच नव्हतं. धाकट्याला कुणी शोधलंच नव्हतं. एका माणसाने चार जणांत आपली शोभा होऊ नये म्हणून एक हुकूम गिळला, आणि त्यावर एक खाट गेली, दोन चपला गेल्या, एका दाराला कडी आली.

६

पाचव्या दिवशीही सावली पडली नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा काकांनी जुन्या पट्ट्यांचं कपाट उघडलं. ती पट्टी गठ्ठ्यात होती, नमुन्याची ओळ मागे टाचलेली, ओळीच्या अगदी सुरुवातीजवळ धाकट्याचं नाव. खाली काकांचा शिक्का, चारी कडा ठसठशीत. शिक्का मारताना हात जरासुद्धा हलला नव्हता, हे बघून त्यांना जास्त वाईट वाटलं.

ते टेबलाशी बसले आणि दोन्ही बोटं ठेवली.

घे काहीही. पाऊल. घे. पाऊल. घे. पावलं दफ्तरखोलीत पुढे पुढे चालली. खोली अकरा पावलांची होती. खोकी वाहताना काकांनी ती कितीदा मोजली होती. बारावं पाऊल वाजलं. तेरावं. आवाज भिंतीवर अडला नाही, फक्त लहान होत गेला, लांबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसासारखा. चाळिसाव्या अक्षरावर ओळ संपली. चाळिसावं पाऊल इतक्या दुरून आलं, की ते ऐकलं की नुसतं मोजलं, हे काकांना सांगता आलं नसतं.

मग सातवा हुकूम. या वेळी बोट घसरलं नाही. काका त्यावर थांबले, आणि दूर तिथे कुणीतरी थांबलेलं होतं. अकरा वर्षं. वळता येत नाही, मागे येता येत नाही, पुढे ओळ नाही.

काकांनी पेन्सिल घेतली. 'तोड'वर आडवी रेघ मारली. शेजारी आपल्या कच्च्या, पाट्यांवरून शिकलेल्या अक्षरांत लिहिलं: मागे. आणि पुढे आकडा घातला.

डावं बोट एक अक्षर मागे आलं. बराच वेळ काही नाही. कदाचित काहीच नव्हतं, काकांना वाटलं, म्हातारपणी कानात वाजतं लोकांच्या. आणि मग ते आलं. चवडा आधी. पुन्हा एक अक्षर. पुन्हा एक. पावलं उलटी, सावकाश, एकही न चुकवता येत होती. पस्तीस. तीस. वीस. दहा. आता ती भिंतीच्या अलीकडे होती. आता ती खोक्यांच्या रांगेतून येत होती. एक खोकं घासल्याचं ऐकू आलं. धाकट्याचं नाव जिथे सुरू होतं त्या अक्षराला काकांचं बोट एकाच घराच्या अंतरावर होतं.

आणखी एक पाऊल, की बघ हा हुकूम येणार. त्यानंतर मिळालं, नाहीतर संपलं.

काकांनी मान वळवून दाराखालच्या फटीकडे बघितलं. जगात कशाचीच सावली पडत नव्हती, पण त्या फटीत दोन सावल्या होत्या, काळ्याभोर, शेजारी शेजारी. आणि सावल्यांच्या पुढे, फटीला लागून, दोन टाचा. ओल्या. भेगांत चिखल बसलेल्या. दाराकडे पाठ करून कुणीतरी उभं होतं आणि वाट बघत होतं.

दार उघडायला चार पावलं होती. काकांना भीती वाटली, हे खरं. पण त्यांना अडवलं ते भीतीने नाही. ते माणूस वळलं असतं तर त्याने काकांचं तोंड बघितलं असतं.

त्यांनी बोट उचललं, पट्टी दुमडून खिशात कोंबली आणि टोपी विसरून ते बाहेर पडले.

७

रस्ताभर ते एकच वाक्य घोळवत होते. अक्का, त्या दिवशी मला तो हुकूम कळला नव्हता. एवढंच बोलायचं, पुढचं आपोआप येईल. गल्लीच्या तोंडाशी त्यांना वाटलं, उद्या सांगावं. पाण्याच्या टाकीपाशी वाटलं, बाईंनाच सांगू दे, त्यांना नीट समजावता येईल. मग त्यांना स्वतःची इतकी किळस आली, की उरलेलं अंतर ते गुडघा विसरून चालले.

अक्का आपल्या पायरीवर बसल्या होत्या. दार मागे बंद होतं. हात मांडीवर, आणि हातात काही काम नाही. असं बसलेलं काकांनी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पायरीच्या फरशीवरून काकांच्या दाराकडे पाण्याचे ठसे गेले होते. ते येत होते की जात होते, ते कळत नव्हतं, कारण टाचा जाण्याच्या बाजूला होत्या.

काका उभ्या उभ्याच बोलले. कधी नव्हे ते न थांबता बोलले. चार साहेब, सातवा हुकूम, घसरलेलं बोट, शिक्का. कडी बसवताना सांगायचं होतं ते. चहाच्या प्रत्येक कपाला सांगायचं होतं ते. खिशातून पट्टी काढून त्यांनी अक्कांच्या पुढ्यात धरली. पेन्सिलीचं मागे कागदावर पुसट झालं होतं. मी तुमच्या भावाला शोधलंच नाही अक्का, ते म्हणाले, आणि मला दादा म्हणू नका.

अक्कांनी पट्टी घेतली नाही. त्या काकांच्या बंद दाराकडे बघत होत्या. तिकडेच बघत त्या अगदी हळू, आजारी माणसाला उठवावं तशा आवाजात बोलल्या.

"ठाऊक आहे मला, दादा. मघाशी तो येऊन सांगून गेला. माझ्या दाराला कडी होती, तो आत येईना, म्हणून तुमची किल्ली काढून तुमच्याच घरात बसवलंय. पाठ करूनच आला, पाठ करूनच बसलाय. म्हटलं, अरे, एकदा तोंड तरी दाखव. तर म्हणाला, मी तोच आहे की नाही, हे ताईने नाही बघायचं, ते आधी काकांनी तपासायचं असतं. जा आत. शिक्का आहे ना खिशात?"